या घरात देवी काढत नाहीत

नानासाहेबांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला, मिशा पुसल्या आणि हातातला कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून ते खड्या आवाजात वाचू लागले.

"चार आने वाले गेट पर टीके का निशान दिखाए बिना किसी को प्रवेश नहीं मिलेगा. कसं वाटतं?"

"उत्तम," शरच्चंद्र म्हणाला. वडिलांनी हवेत बोट फिरवलं असतं तरी तो उत्तमच म्हणाला असता. घरात नंदीबैल पाळायची गरज नव्हती, मुलगा होता.

यशोधरा उंबऱ्याशी चहाची किटली घेऊन उभी होती. सासऱ्यांना कागद वाचताना पाहिलं, की हा माणूस अजून दरबाराचा हुकूमच काढतो आहे, असं तिला वाटायचं. दरबार केव्हाच बुडाला होता. मध्य भारताचं राज्य आलं होतं आणि हुजूर खात्यातले नानासाहेब पेन्शनीत निघाले होते. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आता सगळा पीळ क्रिकेटात उतरला होता. क्लबाच्या कमिटीवर ते होते आणि मुंबईच्या संघाशी सामना पुढच्या आठवड्यावर आला होता.

त्यांचं खरं दुखणं मुंबई नव्हतं. चार आण्यांचं तिकीट काढून गवतावर बसणारे परदेशीपुऱ्यातले मिलवाले, हे ते दुखणं. हे लोक शिट्ट्या मारत, चौकार गेला की टोप्या उडवत, आणि खुर्च्यांवरच्या मंडळींनी "वेल प्लेड" म्हणेपर्यंत त्यांचं ओरडून संपलेलंही असे. त्यात शहरात देवीची साथ आली. गोरगरीब धास्तावले होते. नानासाहेब मात्र खुलले होते. मिलच्या चाळीतले अडाणी लोक टोचून घेणार नाहीत, खूण नाही म्हणून फाटकातून परत जातील, आणि मैदानावर एकदाची शांतता होईल, असा त्यांचा हिशेब होता.

"आणि खुर्च्यांकडच्या फाटकावर?" यशोधरेने विचारलं.

"तिकडे सभ्य लोक बसतात, सूनबाई."

तिने किटली खाली ठेवली. विचारायचं ते आजच विचारायला हवं होतं. मागच्या गल्लीत एका घराच्या दाराला, आत देवी आल्याची खूण म्हणून, कडुनिंबाचे डहाळे लागले होते, आणि त्या घरातली मुलगी परवापर्यंत यशोधरेच्या कमलबरोबर अंगणात सागरगोटे खेळत होती.

"मामंजी, कमलला देवी काढून आणू का? पाचवं सरत आलं तिचं."

नानासाहेबांनी कागदाची घडी केली. "आमच्या घराण्यात देवी बसवतात. काढत नाहीत."

"पण साथ..."

"घटाच्या दिवशी जिला हात जोडायचे, तिलाच सुईनं काढायचं? तुमच्या देवासला चालत असेल. मास्तरांचं घर ते." त्यांनी तिच्या दंडाकडे, पदराखाली झाकलेल्या लहानपणच्या व्रणांकडे नजर टाकली. "ज्या बाईला या घरचं चालत नाही तिनं खुशाल माहेरी जावं. कमल इथं राहील."

यशोधरेने नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीत बघत होता. मूग गिळून बसणं या माणसाला इतकं साधलं होतं, की त्याची दाढही हलत नसे. तिला किळस आली, आणि आपल्याला किळस आली याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

एक मात्र तिने मनात टिपून ठेवलं. मिलवाल्यांसाठी लिहिताना मामंजींनी 'टीका' लिहिलं होतं. घरात तीच गोष्ट 'देवी काढणं' झाली होती. एरवी घरात एक हिंदी शब्द आला तर ते अर्धा तास मराठीचं श्राद्ध घालत.

सामन्याच्या दिवशी सकाळीच बापलेक टांग्यात बसून गेले. टांगा वळणावर दिसेनासा झाला तशी यशोधरेने कमलच्या अंगात स्वच्छ फ्रॉक घातला. दवाखान्यात जाण्यात अर्थ नव्हता. तिथला कंपाउंडर नानासाहेबांना रोज सलाम करणारा; मुलीचा दंड धुऊन होण्याआधी बातमी घरी पोचली असती. उरलं मैदान. तिकडे चार आण्यांच्या फाटकाबाहेर म्युनिसिपालटीने टीकेवाल्याचं टेबल मांडल्याचं तिने ऐकलं होतं. ज्याला खूण नसेल त्याने तिथे टोचून घ्यायचं आणि आत जायचं. त्या गर्दीत तिला ओळखणारं कुणी असण्याची शक्यता नव्हती. पकडलं गेलं तर मुलगी हातची जाणार, हे तिला ठाऊक होतं. पण कडुनिंबाचे डहाळेही ठाऊक होते.

मैदानाशी आली आणि तिला हसूच आलं. नानासाहेबांचा हिशेब पार फसला होता. अर्धी मिल फाटकावर लोटली होती आणि प्रत्येकाची बाही खांद्यापर्यंत वर. कित्येकांनी आधीच टोचून घेतलं होतं. ज्यांचं राहिलं होतं ते टेबलापुढे रांग लावून उभे होते आणि टोचून झालेला माणूस दंड धरून पळत आत सुटत होता. मुंबईची बॅटिंग बघायला मिळणार असती तर या लोकांनी दोन्ही दंड पुढे केले असते.

रांगेत बायाही होत्या, पोरं कडेवर घेऊन. सामन्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. यशोधरेच्या पुढे जनाबाई नावाची एक बाई होती. तिचा नवरा मालोजी मिलमध्ये सूत कातायच्या खात्यात होता आणि तो केव्हाच आत गेला होता.

"पहिल्यांदा आलात का बाई?" जनाबाईने विचारलं. "घाबरू नका. जरा चरचरतं, बस. पोरीचं तोंड तिकडे करा, देखने का नहीं."

यशोधरेने मान हलवली. दोऱ्या बांधून केलेल्या वाटेपलीकडे, हाकेच्या अंतरावर, खुर्च्यांकडचं फाटक होतं. तिथे टांगे थांबत होते, छत्र्या मिटत होत्या आणि क्लबाची मंडळी एकमेकांना नमस्कार करत आत जात होती. कुणी बाही वर करत नव्हतं.

ते रांगेतल्या कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं.

"अरे भिया, हमारा हाथ देखते हो, कुर्सीवालों का भी देखो!"

"हाँ, देखो! माता क्या कुर्सी देख के आती है?"

बघता बघता आरडाओरडा वाढला. शिट्ट्या सुरू झाल्या. फाटकावरचा हवालदार गडबडला. तेवढ्यात एक टांगा थांबला आणि त्यातून नानासाहेब उतरले, मागून शरच्चंद्र. वाटेत कुठेतरी कमिटीच्या मंडळींना भेटून आले असावेत. यशोधरेने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि कमलला छातीशी घेतलं. इथून निघून जावं, असं तिला एकदम वाटलं. पण तिचाच नंबर आला होता.

"दिखाओ! दिखाओ!" लोक ओरडत होते.

नानासाहेब थांबले. गर्दीकडे त्यांनी असं पाहिलं, जसं पायाखाली चिखल आल्यावर माणूस पाहतो. मग छडी शरच्चंद्राच्या हाती दिली, कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट एका खांद्यावरून उतरवला आणि सदऱ्याची बाही चढवून दंड गर्दीपुढे उंच धरला.

"घ्या! बघून घ्या!"

दंडावर ताजी, काळपट खपली होती.

गर्दीने टाळ्या पिटल्या. "वाह नानासाहब!" कुणी ओरडलं. त्यांनी दुसरा हात छडीकडे केला आणि शरच्चंद्राला डोळ्याने खुणावलं. त्यानेही मुकाट्याने बाही वर केली. तशीच खपली. गेले कित्येक दिवस हा माणूस उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून झोपत होता. विचारलं, तर घामोळं आलंय म्हणाला होता.

"क्लबवालों का सबका पक्का है," टीकेवाला सुई पुसता पुसता म्हणाला. "डॉक्टर साहब खुद क्लब में गए थे. सामन्याच्या आधी सगळ्यांना लावून आले."

यशोधरेला आता उलगडा झाला. क्लबात त्यांनी टीका लावून घेतला होता. देवी काढली नव्हती. शब्द निराळा होता, मग कुळाचाराला धक्का कसला? शिवाय मुंबईचा सामना होता. सामन्यासाठी दंड पुढे झाला. पोरीसाठी घटातली देवी आडवी आली. स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तिने हजारदा ऐकली होती. ती म्हण कोट उतरवून उभी राहिलेली तिने आज पाहिली.

तिच्या अंगातली भीती ओसरली. इतकी वर्षं आपण कुणाला घाबरत होतो, असं वाटून तिला स्वतःचीही थोडी लाज वाटली.

"बाई, चलो, आगे," टीकेवाला म्हणाला.

तिने कपाळावरचा पदर मागे सारला. कमलची बाही वर केली आणि दंड टेबलावर धरला. सुई लागताच कमलने आईच्या खांद्यात तोंड खुपसून भोकाड पसरलं.

त्या रडण्याने पलीकडे शरच्चंद्राची मान वळली. बाही अजून वरच होती. त्याने आधी मुलीला ओळखलं, मग बायकोला. हळूच वडिलांच्या कोटाची कड धरून त्याने ओढली. नानासाहेबांनी वळून पाहिलं. त्यांचा उंच धरलेला दंड खाली यायला जरा वेळ लागला.

यशोधरेने नजर खाली केली नाही. ती त्यांच्या दंडाकडेच पाहत राहिली.

जनाबाई पोराला थोपटत तिथेच थांबली होती. तिने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा यशोधरेकडे.

"ते दोघं तुमच्याकडेच बघताहेत बाई. घरचे का?"

यशोधरेने कमलचे डोळे पुसले.

"नाही," ती म्हणाली, चांगलं ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "ओळखीचे आहेत."