हिरवी रेघ

९ मार्च. ढगाळ, आडवा वारा, पाऊस नाही.

मी उघड्या चाकांची, एका माणसापुरती शर्यतीची गाडी बोलतेय. माझ्या अंगावर पत्रा कमी, संशय जास्त. जन्मल्यापासून मला कुणी नुसतं पाहिलंच नाही. जो तो वाकून, ठोकून, नखाने खरवडून बघतो.

ताईने माझी रचना केली. तिचा धाकटा भाऊ मला चालवतो. या खेपेला तिने पुढची चाकं धरून ठेवणारे दांडे बारीक नळीचे केले.

"हे काडीपैलवान मला वळणावर सांभाळणार?" भावाने विचारलं.

"गणित केलंय मी."

"गणिताला काय, ते थोडंच आत बसणार आहे!"

तेव्हापासून प्रत्येक वळणाआधी त्याचा पाय ब्रेकवर लवकर पडतो.

तिसरे आमचे मेकॅनिक. महिन्यापूर्वी समोरच्या संघातून आले, म्हणून सगळे त्यांना 'पाहुणे' म्हणतात. नट आवळला की ते नटावरून दांड्यापर्यंत हिरव्या रंगाची सरळ रेघ ओढतात. नट फिरला की रेघ तुटते.

आज शर्यतीआधी ताई माझ्यापुढे उकिडवी बसली. डाव्या चाकाजवळची रेघ तुटलेली होती.

"पाहुणे, हे काय?"

"काल मीच आवळला, ताई. रेघ सरळ होती."

"मग नट काय पाय मोकळे करायला गेला होता? गॅरेजच्या किल्ल्या ठेवा आणि निघा."

पाहुणे हात पुसू लागले.

मला खरं माहीत होतं. सकाळी भाऊ एकटाच आला होता. बोल्ट काढून त्याने भोकाभोवती बोट फिरवलं, तडा शोधला. सापडला नाही, तेव्हा साध्या पान्याने अंदाजाने आवळून निघून गेला. पण इंजिन बंद असलं की मी मुकी.

भाऊ हेल्मेट हातात घेऊन उभा होता. त्याने ते खाली ठेवलं.

"ताई, थांब. मी उघडला होता."

"का?"

"तुझ्या नळीवर भरवसा नव्हता."

ताईने टॉर्क रेंच लावला; नट ठरल्या जोराने आवळला गेला की हा पाना 'कट्' वाजतो. 'कट्' आवाज येण्याआधी नट पाव फेरा फिरला, इतका तो सैल होता. तिघांनीही ते पाहिलं.

"रेघ ओढू?" पाहुण्यांनी विचारलं.

"ओढा. किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या. चुकलं माझं." मग भावाकडे न बघता म्हणाली, "तू बसणार आहेस की नाही, तेवढं सांग."

तो बसला.

माझं मागणं एवढंच, की संशय खुशाल घ्या, पण तोंडावर घ्या. आता संशय घ्यायची पाळी माझी. त्याच्या उजव्या-डाव्या पायावर माझं बारीक लक्ष राहील.

पंधरा फेऱ्या. सातवा क्रमांक. ब्रेक लवकर दाबला, तो फक्त पहिल्या फेरीत. डावी रेघ सरळ.