चार बोटं उणी

या, असे जवळ सरका. एका काठीची गोष्ट सांगतो. देवाला स्मरून सांगतो, पदरचं काही घालणार नाही.

सभागृहांतला घुमारा घालवणारा एक कारागीर होता. घरीदारी सगळे त्याला दादा म्हणत. भिंतीवर आपटलेला सूर घुमतो आणि शब्द गिळतो. पण त्या सुराच्या लाटेच्या बरोबर पाव लांबीवर, भिंतीपुढे जाड कापडाची चौकट उभी केली, की तो सूर गप्प होतो. तरुणपणी एकेक सूर कानानं ऐकून दादानं या अंतरांच्या खुणा काठीवर कोरल्या होत्या. पितळी टोपणाचं टोक भिंतीला टेकवायचं, खुणेपाशी चौकट ठोकायची. आता कान मंद झालेले. सगळी भिस्त काठीवर.

प्रार्थनेच्या नव्या सभागृहात घुमारा राहिला, तर दादानं काम सोडायचं आणि जागा धाकट्या भावाला द्यायची, असं ठरलं होतं. धाकट्याला करवत धरायला दादानंच शिकवलेलं. चौकटी लावायच्या त्या सकाळी काठीही धाकट्यानंच खांद्यावरून आणली.

चौकटी लागल्या. दुपारी गायिकेनं सूर लावला, तो भिंतीभिंतींत भणभणला. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. दादा तेवढा प्रसन्न.

"कसं वाटतंय, दादा?" व्यवस्थापकानं विचारलं.

"स्वच्छ. काठी खोटं बोलत नाही."

"मग पुढच्या वेळी काठीलाच बोलावू."

लोक हसले. धाकटा सगळ्यांत मोठ्यानं.

घरी येऊन दादानं काठी दाराआड टेकवली. चाळीस वर्षं टोपण टेकून तिथे भिंतीला खळगी पडली होती. आज टोपण तिच्या चार बोटं खाली राहिलं.

"अहो, काठी बुटकी झाली का?" बायको म्हणाली.

दादानं टोपण उपसलं. आत ताजं, पांढरं लाकूड. काप कसा सरळ, सुबक.

धाकटा दारात येऊन उभा होता. "दिसलं ना? बरं झालं, सांगायचे कष्ट वाचले."

"काठी हवी होती तर मागायचीस रे. देऊन टाकली असती."

"काठी घेऊन काय करू? मोबाइलमध्ये सूर घातला की अंतर येतं. मला जागा हवी होती. वहिनी, हिचं सरपण करा."

दादा बराच वेळ टोपण पुसत राहिला. मग म्हणाला, "उद्या चौकटी चार बोटं पुढे घे. प्रार्थनेतला शब्द बुडू नये."

"त्या तू निघालास तेव्हाच घेतल्या."

तिथे आता शब्दन्‌शब्द ऐकू येतो. दारावरच्या पाटीवर धाकट्याचं नाव आहे. कधी त्या सभागृहात डोळे मिटून बसलात, तर क्षणभर दादाची आठवण काढा.