एक्केचाळीसचा वेग

"साखळी अजून दोन हात ओढ. हळू. बस."

सूनबाई थांबली. छताच्या लोखंडी तुळईला टांगलेल्या कप्पीखाली इंजिन लोंबकळत होतं आणि त्याच्याखाली पांढऱ्या पिकपचं तोंड उघडं पडलं होतं. बोनेट भिंतीला टेकवलेलं, रेडिएटर बाहेर, समोरची जाळी बाहेर. मिस्त्रींनी वाकून आत नजर टाकली, एका हाताने इंजिन किंचित फिरवलं.

"आता सोड. एकेक कडी."

इंजिन उतरत गेलं आणि तीन बोटं वरच अडकलं. त्याचं ऑइलचं भांडं चासीच्या आडव्या पट्टीवर टेकत होतं.

"बसत नाही का, बाबा?"

"बसेल. पट्टी कापून खाली घ्यावी लागेल. घे वर."

तिने पुन्हा साखळी ओढायला सुरुवात केली. हातमोजे तिला मोठे होत होते, पण तक्रार नव्हती.

पिकप मिस्त्रींची होती. बावीस वर्षांची, कार्बोरेटरची, धूर ओकणारी. चढ दिसला की तिला दम लागायचा. गेली सहा वर्षं ती गॅरेजच्या मागे उभीच होती. इंजिन मात्र चार वर्षांचं, कॉम्प्युटरवर चालणारं, इंजेक्शनचं, आणि ते मुलाच्या गाडीतलं होतं. अडीच महिन्यांपूर्वी मुलाची गाडी नदीकडच्या वळणावर रस्ता सोडून खाली गेली आणि दोनदा उलटली. टप चेपला, मागचा हौदा सुटून बाजूला पडला. इंजिनला खरचटलंही नव्हतं. मुलगा जागच्या जागी गेला.

हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरचे कपडे धुऊन द्यायचा धंदा सूनबाईचा होता. धुलाई ती बघायची, आणणं-पोचवणं तो. तो गेल्यावर दोन महिने तिने भाड्याच्या गाड्यांवर काढले. कधी गाडी यायची नाही, कधी स्वच्छ गठ्ठ्यांवर कोणी सिमेंटची पोती टाकून आणायचं. माहेरहून रोज फोन येत होता, आता तिथे कशासाठी राहतेस म्हणून. एका सकाळी मिस्त्रींना चहा देता देता ती म्हणाली, "बाबा, त्याच्या गाडीचं इंजिन चांगलं आहे. तुमच्या गाडीत बसेल का?"

मिस्त्रींनी चहा संपवला. "बघतो," म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी जुन्या पिकपचं बोनेट उचकटलं.

बाजूच्या दुकानातला शिंपी लोकांना सांगायचा, मिस्त्री खंबीर माणूस. मिस्त्रींना यात खंबीर असं काही दिसत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल आहे हे कळतं पण तो आपला वाटत नाही, तसं त्यांना सगळ्या अंगभर झालं होतं. भूक लागायची, ते जेवायचे. झोप यायची, झोपायचे. डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ना फोन आला तेव्हा, ना त्याला घरी आणलं तेव्हा. पूर्वी गॅरेजमध्ये त्यांची टकळी सतत चालू असे. इंजेक्शनची गाडी आली की म्हणत, "ही आजारी नाही, हिचं नुसतं डोकं फिरलंय. हिला माझा पाना नको, लॅपटॉपवाला डॉक्टर हवा." आता गिऱ्हाईकं वाट बघायची आणि मिस्त्री मुकाट्याने नट आवळायचे.

एक गोष्ट मात्र बधिर झाली नव्हती, ती म्हणजे राग. पंचनाम्यात "भरधाव" असा शब्द होता. मिस्त्रींनी तो एकदाच वाचला होता. किती वेळा सांगितलं होतं पोराला. गाडी चालवतोस की उडवतोस, वळणावर शहाणपणा करू नकोस. अगदी गेल्या वर्षी दोघांचं यावरून असं वाजलं होतं की पोरगा चार दिवस जेवायला त्यांच्या शेजारी बसला नव्हता. रात्री झोपताना मिस्त्री मनातल्या मनात त्याला हजेरीला उभा करायचे आणि झापायचे. मग झोप लागायची.

चौथ्या दिवशी पट्टी कापून, खाली घेऊन, नव्याने वेल्डिंग करून झालं. इंजिन टेकवायला दोन नवे माउंटिंग मिस्त्रींनी हाताने बनवले. इंजिन जागेवर बसलं. ते गाडीखाली आडवे पडून बोल्ट कसत होते आणि सूनबाई वरून पाना धरून होती, तेव्हा ती एकदम बोलली. तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा.

"मी फोन केला होता त्याला. त्या दिवशी."

खालून पान्याची करकर चालू होती.

"हॉटेलवाला ओरडत होता, चार वाजता पाहुणे येणार, चादरी नाहीत. मी त्याला म्हटलं, लवकर ये, किती वेळ लावतोस. जरा चिडूनच म्हटलं." ती थांबली. "आलोच, म्हणाला."

पाना थांबला. आता काही बोलायला हवं, हे मिस्त्रींना कळत होतं. तुझा काय दोष, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. पण ज्या माणसाला ते रोज वेगासाठी झापत होते, तो वेग कुठून आला हे त्यांना आत्ता कळत होतं.

"सतराचा पाना दे," ते म्हणाले.

तिने दिला.

त्यानंतर दोन दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. टाकी उतरवून तिच्यात नवा पंप बसवला. जुनी पेट्रोलची नळी नव्या दाबाला टिकणारी नव्हती, म्हणून मुलाच्या गाडीतली नळी मापाने वाकवून घातली. कार्बोरेटर कपाटात ठेवला. उरलं वायरिंग. मुलाच्या गाडीतून काढलेली वायरींची जुडी गॅरेजच्या फरशीवर पसरली होती, जाडजूड, फाटे फुटलेली, आणि तिच्या टोकाला वहीएवढी चपटी पेटी. इंजिनचा कॉम्प्युटर. इथे मिस्त्रींचं ज्ञान संपत होतं.

वायरमन सातव्या दिवशी आला. चाळिशीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला, मिस्त्रींचा जुना ओळखीचा. दिवसभर तो वायरी वेगळ्या करत बसला. एअरबॅगच्या नकोत, काचांच्या नकोत, असं म्हणत निम्मी जुडी त्याने कापून टाकली. दुपारी उशिरा म्हणाला, "मूळ चावी लागेल, मिस्त्री. चावीत चिप असते. ती ओळखल्याशिवाय हा सुरूच होणार नाही."

चावी हॉस्पिटलमधून मिळालेल्या पाकिटात होती. सूनबाई वर गेली. बराच वेळ लागला तिला. खाली आली तेव्हा हातात फक्त चावी होती. ती तिने वायरमनच्या तळहातावर ठेवली आणि धुलाईच्या खोलीकडे निघून गेली.

वायरमनने लॅपटॉप जोडला, चष्मा डोळ्यांवर चढवला. "चिप धरली. आता जुने फॉल्ट पुसतो आणि स्टार्टर मारतो." मग तो थबकला. त्याने स्क्रीन मिस्त्रींच्या बाजूने किंचित वळवला, पुन्हा स्वतःकडे घेतला.

"काय झालं?"

"ह्यात नोंद असते. फॉल्ट आला त्या क्षणी गाडी काय करत होती त्याची." वायरमन मान वर न करता बोलत होता. "पुढच्या सेन्सरची वायर तुटली, तेव्हाची आहे. न बघता पुसून टाकू?"

मिस्त्रींनी चिंधीला हात पुसले. बोटं पुसून झाल्यावर नखं पुसली.

"वेग आहे त्यात?"

"आहे."

"किती?"

"एक्केचाळीस."

शिंप्याच्या दुकानात मशीन चालू होतं.

"आधी जास्त असेल. ब्रेक मारून कमी झाला असेल," मिस्त्री म्हणाले.

"ब्रेक दाबलेला नाही. इथे दाखवतं ते. रेसही अगदी थोडी दाबलेली. आरामात चालला होता."

"मग गाडी खाली का गेली?"

वायरमनने चष्मा काढला. "ते ह्याला माहीत नसतं, मिस्त्री."

अडीच महिने ज्या रागाला टेकून मिस्त्री उभे होते, तो काढून घेतल्यासारखा झाला. ते खाली पडले नाहीत. मागे चाचपलं तर स्टूल होतं, त्यावर बसले. नदीकडच्या वळणावर कुत्रं आडवं आलं असेल, डुलकी लागली असेल, टायर, किंवा काहीच नाही. झापायला कोणी उरलं नव्हतं.

"पूस," ते म्हणाले. "आणि स्टार्टर मार."

इंजिन दुसऱ्या प्रयत्नाला लागलं. आवाज थोडा वरखाली झाला आणि मग स्थिर झाला, इतका की मडगार्डच्या कडेवर ठेवलेला पाना हललासुद्धा नाही. असं काम जमलं की पूर्वी मिस्त्री सगळ्या गल्लीला चहा पाजत.

ते धुलाईच्या खोलीत गेले. सूनबाई टेबलापाशी मोठ्या चादरींच्या घड्या घालत होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "चालू झाली."

"त्यात त्याचा वेग निघाला. त्या वेळचा." मिस्त्री दारातच उभे होते. "एक्केचाळीस."

तिचे हात थांबले.

"ब्रेकही नव्हता मारला. आरामात येत होता. तुझ्या फोनमुळे घाई केली नाही त्याने." एवढं बोलून त्यांना धाप लागली. "हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आकडा माहीत नसतानासुद्धा."

सूनबाईने चादर तशीच छातीशी धरली.

"त्या वळणावर तो चाळीसच्या वर जायचा नाही, बाबा. मी कधी हसायचे, तर म्हणायचा, बाबांनी सांगितलंय. तुमच्यासमोर कबूल करायचा नाही एवढंच."

मग ती रडायला लागली, आवाज न करता, तोंड चादरीत घालून. मिस्त्रींनी वाट पाहिली. स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. कोरडा होता. थोड्या वेळाने ते पुढे झाले, टेबलावरच्या दुसऱ्या चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, आणि तिने डोळे पुसून समोरची दोन धरली. टोकाला टोक लावत दोघांनी ती घडी केली. मग पुढची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने पिकपमध्ये गठ्ठे भरले. स्टिअरिंग जड आहे, सवय होईल, असं मिस्त्रींनी सांगितलं. वेगाबद्दल काही सांगितलं नाही. गॅरेजमधून मागे मागे येत गाडी रस्त्यावर काढायची होती आणि रस्त्याला वाहती गर्दी होती. मिस्त्री मधोमध जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. दोन स्कूटर थांबल्या, त्यांच्यामागे एक व्हॅन. पिकप वळली, सरळ झाली, धूर न सोडता निघाली आणि चौकातून उजवीकडे दिसेनाशी झाली.

मिस्त्री तसेच उभे होते, हात वर करून. व्हॅनवाल्याने हॉर्नवर हात ठेवला, त्यांच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काढून घेतला. पुढच्या स्कूटरवाल्याने पाय खाली टेकवले आणि गाडी बंद केली.