चारशे सतरा नंबरची बाटली

"पप्पा, तुमची बाटली खरंच फुटकी होती का?"

राजेश्वरीनं हे विचारलं तेव्हा तिचे पप्पा भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत होते. तो तुकडा तसाच आमटीत राहिला. खरं तर हा प्रश्न तिचा नव्हताच. वर्गातल्या मुलींनी तिला डिवचलं होतं, "एवढी हिंमत असंल तर विचार की घरी!" आणि ती बाटली कोण, माहीत आहे? स्वयंपाकघराच्या खिडकीत, पोटात मनी प्लांटची फांदी घेऊन उभी असलेली मी!

होय मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. हसू नका बरं का! सॉसची, सरबताची, खोकल्याच्या औषधाची बाटली तुम्ही पाहिली असेल. मी त्यातली नव्हे. नदीच्या पाण्यात प्राणवायू आहे की नाही, हे सांगणारी बाटली आहे मी. म्हणजे नदीचा श्वास तपासणारी. आहे की नाही भारी?

माझा जन्म एका मोठ्या भट्टीत झाला. लालबुंद काच साच्यात ओतली आणि मी झाले. मग माझ्या तोंडात घट्ट बसेल असं काचेचं बूच घासून तयार केलं. माझ्या खांद्यावर ४१७ हा नंबर कोरला आणि बुचावरही तोच. पुढं मी आष्ट्याला आले, भाऊसोंकडं. भाऊसो म्हणजेच राजेश्वरीचे पप्पा. कृष्णेचं पाणी तपासणं हे त्यांचं सरकारी काम. मोटारसायकलच्या मागं एक लाकडी पेटी बांधलेली असायची, तिच्यात फडक्यात गुंडाळलेली मी.

काम कसं चालायचं ते सांगते. भाऊसो पाण्यात गुडघाभर उतरायचे. मला पूर्ण बुडवून भरायचे, एकही बुडबुडा आत राहू द्यायचे नाहीत. मग काठावर बसून दोन औषधं माझ्या पोटात सोडायचे, बूच लावून मला उलटी-सुलटी करायचे. आत तपकिरी साका, म्हणजे गाळ, धरला की समजायचं, प्राणवायू आहे, मासे जगतील. आणि साका पांढराफेक राहिला तर? तर नदीचा श्वास संपला. इतकं साधं.

अकरा वर्षं मी हे काम केलं. एका डेअरीचं घाण पाणी नदीत यायचं, ते माझ्यामुळं बंद झालं. एका गावानं भाऊसोंचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि मलाच वर धरलं. म्हणाले, "ही बोलली, मी फक्त लिहून घेतलं." त्या दिवशी मी किती चमकले असेन!

नदीकाठच्या एका डोहाजवळ मनुबाई नावाची म्हातारी मासे धरायची. आम्ही आलो की ती जाळं खांद्यावर घेऊन थांबायची. आधी रंग बघायची, मगच जाळं टाकायची.

"काय म्हंतीय तुमची काचंची लेक?"

"चहासारखा रंग हाय आज्जी. टाका जाळं."

"मग आज मरळ घावणार बगा. दिऊ का एक?"

"नको आज्जी, घरात राजेश्वरीची आई शाकाहारी हाय."

"आरं द्येवा, मग जगताय कशावर वं?"

आणि दोघं हसायचे. मनुबाईचा मुलगा अर्जुना वरच्या अंगाच्या साखर कारखान्यात कामाला होता. अर्जुनाची मुलगी शिवांजली राजेश्वरीच्या वर्गात, तिच्याच बाकावर. दोघींचा डबा एकच असल्यासारखा.

आता पुढचं सांगताना मला त्रास होतो मित्रांनो, पण सांगते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही डोहावर गेलो. कारखान्याचा माणूस म्हणून अर्जुना सोबत होता. भाऊसोंनी मला भरलं, औषधं घातली. पांढरं. त्यांनी मला धुतलं, पुन्हा भरलं. पुन्हा पांढरं! कारखान्याचं मळीचं पाणी ओढ्यातून नदीत येत होतं.

अर्जुनानं हात जोडले. "आवं सायब, ऊस अजून शेतात हुबा हाय. आत्ता कारखाना बंद पडला तर चारशे माणसं घरी बसत्याली. चाळीस दिसात हंगाम संपतोय. तवर तेवढं दमानं घ्या."

"अर्जुना, तुझी आई ह्याच डोहात जाळं टाकते की रं."

"तिला म्या सांभाळतो की. पगार हाय तवर."

मग भाऊसोंचा फोन वाजला, कारखान्यातून. बोलणं झालं की पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. ते कितीतरी वेळ माझ्याकडं बघत बसले. मग त्यांनी मला मोटारसायकलच्या लोखंडावर हळूच आपटलं. टक्. माझ्या ओठाचा एक टवका उडाला.

त्यांनी कागदावर लिहिलं, "बाटली फुटकी. नमुना ग्राह्य नाही."

अकरा वर्षं ज्या हातांनी मला जपलं, त्याच हातांनी हे केलं. वाटेत मनुबाई उभी होती. "काय रंग आला वं?" तिनं विचारलं. भाऊसो गाडीवरून न उतरताच म्हणाले, "बाटली फुटली आज्जी. आज काय कळत न्हाई." तिनं आपलं जाळं टाकलं.

मला फेकून द्यायचं धाडस भाऊसोंना झालं नाही. त्यांनी मला घरी आणलं. राजेश्वरीच्या मम्मीनं, पल्लवीवहिनींनी, मला चांगली घासूनपुसून माझ्यात फांदी लावली. सगळे म्हणायचे, छान दिसतीय. मी काय बोलणार?

एकोणिसाव्या दिवशी मासे मेले. मरळ, वांब, सगळे. भाऊसो जेवायच्या वेळी घरी आले आणि न जेवताच बसून राहिले. पल्लवीवहिनींना सांगत होते, "म्हातारी पाण्यात उभी होती गं. मेलेले मासे ओंजळीत घेऊन मला म्हणाली, सायेब, तुमी येताय म्हणून मला धीर हुता."

भाऊसोंनी नव्या बाटलीत पाणी घेतलं. पण तोवर वरून धरणाचं पाणी सोडलं होतं. नदी धुऊन निघाली होती. नमुना तपकिरी आला. मासे कशानं मेले ते ठरेना, म्हणून मनुबाईला भरपाई नाही. कारखाना म्हणतो, आमच्याविरुद्ध पुरावा काय? पुरावा एकच होता मित्रांनो. माझ्या पोटातलं ते पांढरं.

मग शाळेत शिवांजली राजेश्वरीला म्हणाली, "तुझ्या पप्पांची बाटली म्हणं फुटकी हुती. मग माझ्या आज्जीचं मासं कशानं मेलं गं?" तेव्हापासून ती दुसऱ्या बाकावर बसते. आणि म्हणूनच त्या संध्याकाळी राजेश्वरीनं तो प्रश्न विचारला.

भाऊसो म्हणाले, "नव्हती फुटकी. मी फोडली."

राजेश्वरी उठली, खिडकीशी आली. तिनं माझ्या ओठावरून बोट फिरवलं.

"चारशे घरं होती गं राजू," भाऊसो म्हणाले. "तुझ्या मैत्रिणीचंही त्यातच आलं. तिच्या बापानंच हात जोडले होते. मला वाटलं, चाळीस दिवस नदी तग धरेल."

"झालं ते झालं," पल्लवीवहिनी घाईनं म्हणाल्या. "बदलीचा अर्ज मंजूर झालाय. जूनमध्ये साताऱ्याला जायचं. तिथं चांगली शाळा आहे. इथलं कुणाला काही सांगत बसू नको, यांची नोकरी जाईल."

मित्रांनो, मी साधी काच आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं वय झालंय. पण तुमच्या गावच्या नदीवर कुणी असं पाणी तपासत बसलेलं दिसलं, तर जवळ जा. रंग काय आला, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या दिवशी काठावर अजून चार माणसं असती, तर भाऊसोंचा हात मला आपटायला उठला असता का, असं मला सारखं वाटतं.

राजेश्वरी रडत होती, पण तिचा आवाज खणखणीत होता.

"पप्पा, मम्मी, मी साताऱ्याला येणार नाही. मी इथंच आत्याकडं राहीन. उद्या मी मनुआज्जीच्या घरी जाऊन सगळं सांगणार आहे. तुम्ही काय केलंत ते, आणि अर्जुनाकाकांनी काय मागितलं तेही. आणि दहावीचं वर्ष मी शिवांजलीच्याच वर्गात काढणार. ती माझ्याशी बोलो, नाहीतर न बोलो."