पाठ दुखते त्याची, थांबेल तो

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. ड्रायव्हरची सीट. गाडीतल्या बाकीच्या सीटांना खिडकीतून डोंगर दिसतात, नद्या दिसतात, शेजारच्या गाडीतली नवरा-बायकोची भांडणंही दिसतात. ड्रायव्हरच्या सीटला जन्मभर एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे ड्रायव्हरची पाठ. कुणाच्या पाठीमागे बोलू नये म्हणतात. मी बिचारी दुसरं काय करणार?

माझा जन्म कारखान्यातला. तिथे सीटांची परीक्षा घ्यायला लोखंडाचं एक बूड ठेवलेलं होतं. हसू नका. माणसाच्या बुडासारखंच, वजन ऐंशी किलो. यंत्र ते उचलायचं आणि माझ्यावर आदळायचं, दिवसभर. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव वेळा आदळलं, आणि लाखाव्या वेळी ते लोखंडच म्हणालं, "बाई, आता मला जरा टेकू दे." तपासनिसाने माझ्या कुशीला हिरवी चिठ्ठी डकवली. मी तेव्हा इतकी मऊ होते की माझ्यावर माशी बसली तर पाच मिनिटांत घोरू लागायची.

ज्याने आमची गाडी घेतली तो लांब पल्ल्याची भाडी मारणारा ड्रायव्हर होता. शहरातून डोंगरापलीकडे सहा तास जायचं, दुसऱ्या दिवशी सहा तास यायचं. आठवड्यातून दोन फेऱ्या. गाडी पांढरी, मी राखाडी. नव्याची नवलाई होती, तेव्हा स्टँडवरचे इतर ड्रायव्हर पाळीपाळीने माझ्यावर बसून बघायचे. आमचा ड्रायव्हर ऐटीत सांगायचा, "घरच्या पलंगापेक्षा हिच्यावर बरं वाटतं." मी अशी फुगायचे की त्याचं डोकं छताला लागायचं.

पण फोम तो फोमच, माझ्यासारखा बढाईखोर असला तरी. सातव्या वर्षी माझी कंबरेजवळची एक स्प्रिंग तुटली आणि तिचं टोक आतून वर आलं. त्याच्या कंबरेच्या खळगीत जिथे आधार हवा, तिथे माझ्यात खड्डा पडला आणि जिथे काही नको, तिथे टोचणी. तासाभरात त्याची पाठ लाकडासारखी व्हायची. मला ते कळायचं, कारण तो श्वास अर्धाच घ्यायचा.

माणूस मानी. दुखतंय असं कुणाला सांगायचा नाही. दर तासाला गाडी बाजूला घ्यायचा, उतरून टायरला लाथा मारायचा, टायर तपासतोय असं दाखवत कंबर मागे ताणायचा, आणि कण्हत परत बसायचा. स्टँडवर त्याचं नावच पडलं, टायरमास्तर. "काय टायरमास्तर, चारही आहेत ना जागेवर? की एखादं पळालं?" तो म्हणायचा, "पळेल एक दिवस, तुझ्या तोंडात बसेल." सगळे हसायचे. मला दुरुस्त करायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. त्याचं आपलं एकच पालुपद होतं, "पुढच्या महिन्यात बघू."

त्याचे वडील शिंपी होते. पन्नास वर्षं मशीन चालवून थकले होते, आणि आता त्यांची आठवण उसवत चालली होती. एक टाका निघाला की मागचे चार निघावेत, तशी. ते लेकीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या ताईंकडे, राहायचे. एका आठवड्यात ताईंचं ऑपरेशन होतं, घरी कुणी नव्हतं, म्हणून ड्रायव्हरने त्यांना शेजारच्या सीटवर बसवून बरोबर घेतलं.

येताना गाडी रिकामी होती. भर दुपार. एका पडक्या भिंतीच्या सावलीला त्याने गाडी थांबवली. त्या दिवशी टायरला लाथ मारण्याइतकाही जीव त्याच्या पाठीत उरला नव्हता.

"बाबा, दहा मिनिटं जमिनीवर आडवा होतो. हलायचं नाही हं."

"नीज तू. मी आहे इथे."

तो भिंतीमागे सतरंजी टाकून आडवा झाला. दहा मिनिटांची चाळीस झाली. आता पुढचं सांगते, ते माझ्याशिवाय कुणीही पाहिलेलं नाही. बाबांनी हात लांब केला आणि माझ्या कंबरेतला खड्डा चाचपला. अंगठ्याने दाबून पाहिला, जसं कापड बघतात तसा. स्प्रिंगचं टोक त्यांच्या बोटाला लागलं. "आतून गेलीय ही," ते पुटपुटले. "पोराची पाठ मोडेल अशाने. थांब, कापूस घेऊन येतो." आणि दार उघडून उतरले. एक चप्पल पायपुसण्यावर राहिली.

ड्रायव्हरने हाका मारमारून घसा फोडला. पोलीस झाले, दवाखाने झाले, विहिरी झाल्या. मला ठाऊक होतं ते कशाला गेले. पण सीटला तोंड दिलेलं नाही. बुडाखाली आयुष्य काढणाऱ्याला कोण तोंड देतो?

ताई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा रडल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "पाठ टेकायला गेलास ना? टेक आता जन्मभर."

त्यानंतरचं एक वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट, असं मला तेव्हा वाटायचं. त्याने बाबांच्या फोटोची पत्रकं छापली आणि त्यांचं जाड पुडकं मागच्या खिशात ठेवलं. त्यावर बसायचा. एक कुल्ला वर, एक खाली. पाठ आणखी बिघडली. पण दुखलं की थांबायचा, आणि थांबला की खिशातून पत्रक काढायचा. पंपावर, चहाच्या टपरीवर, फाटकावर. "यांना पाहिलंत का? डाव्या हाताच्या बोटाला शिंप्याचं अंगुस्तान असतं." डोंगराखालच्या वळणावर एक पंक्चरचं दुकान होतं, बाहेर पाण्याचा नळ होता. तिथे तर तो हमखास थांबायचा. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने पत्रक आपणहून भिंतीला चिकटवलं.

वर्ष संपता संपता एक दिवस त्याला गाडीतून उतरताच येईना. मग कुठे तो मला घेऊन कुशनवाल्याकडे गेला. कुशनवाल्याने दातांत सुई धरून माझं पोट उसवलं आणि कपाळाला हात लावला.

"ही सीट आहे की सापळा? आणि ही बाजू दोन बोटं खचलीय. मागच्या खिशात काय ठेवतोस, वीट?"

"कागद आहेत."

"कागद छातीशी ठेव, नाहीतर खणात ठेव. बुडाखाली ठेवून कुणाचं भलं झालंय?"

त्याने माझ्यात नवी स्प्रिंग घातली, टणक फोम घातला. कंबरेपाशी आठ बोटं उंचीचा फुगीर आधार भरला, तो असा नेमका की ड्रायव्हर बसला आणि त्याच्या तोंडातून "आई गं" निघालं. त्या वर्षात सुखाने निघालेलं पहिलंच. पत्रकांचं पुडकं डॅशबोर्डच्या खणात गेलं.

मित्रांनो, मी पुन्हा फुगले. आता चार-चार तास त्याला माझी आठवणही व्हायची नाही, आणि सीटसाठी याहून मोठी शाबासकी नाही. एकदा घाटात मी त्याला इतकं सुखात ठेवलं की घाटच कंटाळून सरळ झाला. गाडी सुटायची ती एकदम घाट ओलांडून जेवायलाच थांबायची. टपऱ्या मागे पडत गेल्या. फाटकं मागे पडली. नळाचं वळणही. "पुढच्या खेपेला विचारू," असं तो सुरुवातीला स्वतःशी म्हणायचा. नंतर म्हणायचाही बंद झाला. त्याने बाबांना विसरायचं ठरवलं होतं असं नाही. दुखायचं थांबलं, म्हणून तो थांबायचा थांबला, एवढंच.

त्याचा जुना आनंदी स्वभाव परतला. रस्त्याकडेला कुणी हात केला की तोही उलट हात करायचा. डोंगराखालच्या त्या वळणावर कितीदा तरी त्याचा खांदा वर गेलेला माझ्या अंगाला कळायचा. मला बापडीला काय दिसतंय? मला दिसते पाठ.

असं एक वर्ष गेलं, वर काही महिने.

मग एका सकाळी टायर फुटलं, आणि फुटलं ते नेमकं त्याच वळणावर. खिळा मी पाठवला असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण नाही. पाठवता आला असता तर वर्षभर आधी पाठवला असता.

दुकानाचा जुना मालक कधीच गेला होता. भिंतीला चुना लागला होता, आणि त्या चुन्याखाली पत्रक. आता तिथे एक दणकट बाई होती. रस्त्यावरचे सगळे तिला मावशी म्हणायचे. तिने जॅक लावला, चाक काढलं. ड्रायव्हर वाकून स्टेपनी ओढायला गेला आणि सवयीने कंबरेवर हात ठेवून ताठ झाला.

"पाठ का?" मावशी म्हणाली. "बसा हो भाऊ, मी करते. पाठवाल्या माणसासाठी आमच्याकडे औषध आहे."

तो दार उघडं ठेवून माझ्यावर आडवा बसला, पाय बाहेर. ती आतून एक उशी घेऊन आली. चिंध्यांची, ओबडधोबड, वर जुन्या ट्यूबचं रबर शिवलेलं.

"एक म्हातारे होते इथे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका टेम्पोतून उतरले आणि विचारतात काय, कापूस आहे का. इथे पंक्चरच्या दुकानात! त्याआधी कुठल्याशा आश्रमात होते म्हणे, तिथून निघून आले. चौकीत नेलं, तर नाव विचारलं की सांगायचे, शिंपी. पोलिसांनी वहीत लिहून घेतलं, झालं. मग म्हटलं राहू देत. माझे पडदे शिवले, सगळ्या ड्रायव्हरांच्या तुटक्या गुंड्या लावल्या. आणि चिंध्या गोळा करून ही उशी केली. माझ्या मुलाला, म्हणायचे."

ड्रायव्हरचा अंगठा उशीच्या शिवणीवरून पुढे सरकत होता. शिवणीच्या टोकाला तीन गाठी होत्या, आणि दोरा दाताने तोडून थोडा मोकळा ठेवलेला. अशी शिवण त्याच्या शाळेच्या प्रत्येक सदऱ्याला होती.

"दिवसभर तिथे दगडावर बसायचे, रस्त्याकडे तोंड करून. मी म्हणायचे, आजोबा, आत या, ऊन लागेल. तर म्हणायचे, 'पाठ दुखते त्याची, थांबेल तो. दर तासाला थांबतो.' पांढरी गाडी दिसली की उठून हात करायचे. लोकांना वाटायचं लिफ्ट मागतायत. एक गाडीवाला तर उलट हात करायचा. त्या दिवशी म्हातारे असे खूश! 'बघ, ओळखलं मला. घाईत आहे. परत येताना थांबेल.'"

"आता कुठे आहेत?"

"थंडीत गेले हो. दोन महिने झाले. आम्हीच केलं सगळं. तुमचे कुणी..." ती विचारत होती, तोवर त्याने हात लांबवून खण उघडला. पत्रकं उन्हाने एकमेकांना चिकटली होती. त्याने सगळं पुडकंच तिच्या हातात दिलं.

तिने वरचा फोटो बघितला. मग गाडी बघितली. गाडीचा पांढरा रंग बघितला. आणि चाकाचे नट एकेक करून आवळत राहिली.

त्या दिवशी तो माझ्यावर बसला, पण टेकला नाही. उरलेला सगळा रस्ता ताठ बसून घरी गेला. मी माझा आठ बोटं उंच आधार पुढे काढून बसले होते, पण त्याची पाठ काही माझ्यापर्यंत आली नाही.

ताईंना त्याने सगळं सांगितलं, उलट हात केल्याचंसुद्धा. त्यांनी उशी मांडीवर घेतली आणि इतकंच विचारलं, "जेवत होते का रे नीट?"

पुढे तो बाबांची उशी माझ्यावर ठेवून गाडी चालवू लागला. उशी बाबांच्या मायेने भरलेली होती, पण खरं सांगायचं तर भयंकर टोचायची. तासाभरात पाठ धरायची. मग तो थांबायचा, उतरायचा. टायरला लाथा नाही मारायचा आता. नुसता उभा राहायचा. विचारण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं.

तीन वर्षांनी गाडी भंगारात गेली. मला त्याने पान्याने सोडवलं आणि त्या वळणावर आणून बाबांच्या दगडाच्या जागी दोन फळ्यांवर बसवलं. रस्त्याकडे तोंड करून. महिन्यातून एकदा बसने येतो, बराच वेळ बसतो, आणि अजूनही टेकत नाही.

मित्रांनो, सीटची काळजी घ्या. तिची स्प्रिंग तुटली तर पुढच्या महिन्यावर टाकू नका. कंबरेच्या खळगीत आधार ठेवा, हवी तर टॉवेलची गुंडाळी चालेल. मागच्या खिशात काही ठेवून बसू नका. आणि आमच्यासारखी सीट कितीही मऊ असली, कितीही लाडीगोडी लावत असली, तरी तासाभराने उतरा. पाठ दुखत नसली तरी उतरा. चार पावलं चाला, कुणी हात करत असेल त्याच्यापर्यंत जा.

आता माझ्यासमोर रस्ता आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला पाठीशिवाय काहीतरी दिसतं. दिवसभर गाड्या येतात. लांबून पांढरी दिसली की वाटतं, ही थांबेल.

नाही थांबत हो. हल्ली सीटा फार चांगल्या निघाल्यात.