बगळ्याच्या पोटातलं नाव

जीव जन्माला घालायचं काम देवाने स्वतःकडे ठेवलं आणि त्यांना नाव द्यायचं माणसावर सोपवलं. सोपवताना म्हणाला असेल, लेकरं आहेत, चुकतील, चुकली की खोडतील. पण दिलेलं नाव खोडताना हाताचं काय होतं, ते त्या दयाघनाने आधी सांगितलं नाही.

बाईंनी आयुष्यात दोन जिवांना नाव दिलं, आणि दोघांना एकच. आधी मुलीला. मुलगी आठव्या वर्षी तापाने गेली, तेव्हा तेच नाव, लॅटिनची शेपटी लावून, एका जंताला.

ऐकणाऱ्याला हसू येई. लोक गेलेल्या लेकराच्या नावाने झाड लावतात, शाळेत बक्षीस ठेवतात, आणि या बाईला जंत सुचला? पण तो जंत मुलीनेच आणला होता. तळ्याकाठी मरून पडलेला राखी बगळा फ्रॉकमध्ये गुंडाळून ती आईच्या प्रयोगशाळेत धावत आली होती. रानपाखरांच्या पोटातले जंत ओळखणं हेच बाईंचं काम. पक्षी चिरायचं काम प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांचं. मामांनी बगळ्याचं पोट उघडलं, तर आत पांढऱ्या दोऱ्याचा गुंता.

"हे तर पाणकावळ्याच्या पोटातलं पाहुणं," मामा म्हणाले होते. "पण केवढं वाढलंय! बाई, बगळ्याचं सासर मानवलं याला!"

"मामा, सुरी चालवा. जीभ नको," बाईंनी झापलं होतं.

मुलगी खदखदून हसली. तिने गुंत्यातला सगळ्यात लांब जंत निवडला, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात सोडला आणि पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आत टाकली: 'माझा जंत. हात लावू नये.' बाटली घरी तिच्या फळीवर गेली. चार महिन्यांनी मुलगी गेली. बाटली तिथेच राहिली.

उरलेले जंत बाईंनी मोजले. पाणकावळ्यातल्यापेक्षा दीडपट लांब, नराच्या शेपटीतला काटाही लांब. चित्रं काढली, निबंध लिहिला, जाणत्यांनी मान डोलावली. नवी जात ठरली आणि मुलीचं नाव पुस्तकात गेलं. घरात ते नाव घेणारं बाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. पण परक्या देशात कुणी बगळा चिरला की ते नाव लिहिलं जाई. बाई म्हणत, "माझी पोर फिरतीवर आहे."

याला एकतीस वर्षं झाली. बाई निवृत्त झाल्या, तरी दर मंगळवारी प्रयोगशाळेत येत. मामाही घरी बसून कंटाळत आणि येत. खुर्चीवर आता ताई होती, बाईंच्याच हाताखाली शिकलेली. आता नुसत्या आकारावर जात ठरत नव्हती. जंताचा तुकडा घ्यायचा, त्यातलं जनुक वेगळं काढायचं आणि त्याची अक्षरं वाचायची. साडेसहाशे अक्षरांचा एक तुकडा ताईला पुरे होई.

गेल्या महिन्यात मामांनी त्याच तळ्यावरचा बगळा आणला, मासेमारीच्या दोऱ्यात अडकून मेलेला. ताईने त्याच्यातले जंत वाचले, पाणकावळ्यातले वाचले, शेजारी ठेवले. दोन जाती असत्या तर पन्नासेक अक्षरं तरी निराळी हवीत. निघाली तीन.

तिने पुन्हा वाचलं. पुन्हा एकदा. चौथ्यांदा नळ्या लावत होती तेव्हा मंगळवार होता, आणि बाई मागे येऊन उभ्या होत्या.

"कितव्यांदा करतेयस?"

"चौथ्यांदा, बाई."

"पहिल्यांदा काम, दुसऱ्यांदा शंका, तिसऱ्यांदा खात्री. चौथ्यांदा काय असतं गं?"

ताईने हातातली नळी खाली ठेवली.

"चौथ्यांदा माया असते. ती ठेव बाजूला, आणि सांग."

ताईने सांगितलं. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि तीन अक्षरांवरून तीनदा बोट फिरवलं.

"पण बाई, ऐका तरी," ताई घाईने म्हणाली. "तुमचे जुने नमुने फॉर्मालिनमधले. फॉर्मालिनने जनुकं खराब होतात, त्यातून काही वाचता येत नाही. मग हे ताजे जंत म्हणजे तुमचेच, हे कोण सिद्ध करणार? 'जुन्या नमुन्यांविषयी सांगता येत नाही' एवढंच लिहू. नाव राहील. खोटं नाही त्यात."

"खोटं नाही," बाई म्हणाल्या. "खरंही नाही."

दुसऱ्या दिवशी बुधवार असूनही त्या आल्या. पर्समधून रुमाल काढला, रुमालातून बाटली. 'माझा जंत. हात लावू नये.' अक्षर अजून स्पष्ट होतं. पेन्सिल स्पिरिटला दाद देत नाही.

"ही फॉर्मालिनमधली नाही," बाई म्हणाल्या. "यातलं वाचता येईल."

"बाई, हे नको."

"घरी घेऊन जा, बाई," मामा कोपऱ्यातून म्हणाले. "एवढं एकच तर आहे तुमच्याकडे."

"एकतीस वर्षं तिचं ऐकलं, मामा. हात लावला नाही." मग आवाज उतरवून त्या ताईला म्हणाल्या, "निराळा निघेल बघ. तिने निवडून घेतला होता, सगळ्यात लांब."

आई वेडीच असते. शिकलेली आई जरा हिशेबाने वेडी असते, इतकंच.

पातं बाईंनीच हातात घेतलं. डोकं आणि शेपटी आकारासाठी राखायची, मधला तुकडा तेवढा घ्यायचा, ही रीत. सत्तरीचा हात तसूभर हलला नाही. तुकडा नळीत गेल्यावर मात्र त्या पुटपुटल्या, "दुखलं नसेल ना गं?" आणि स्वतःच ओशाळल्या. "बघ, काय बोलतेय. मेलेल्याला कसलं दुखणं."

सहा दिवस लागले. जुना नमुना, अक्षरं तुटकी. ताईने लहान लहान तुकडे वाचून सांधले. रोज सकाळी बाईंचा फोन येई. "जेवलीस का?" एवढंच विचारत. निकालाचं विचारत नसत.

पुढच्या मंगळवारी बाई येऊन बसल्या. ताईने कागद पुढे सरकवला. पाणकावळ्याच्या जंताहून एकच अक्षर निराळं होतं. एक.

म्हणजे जात एकच, आणि नावही आधीचंच, पाणकावळ्यातल्या जंताचं. मोठ्या पक्ष्याच्या मोठ्या पोटात मिळेल तेवढं खाऊन तोच जंत लांब वाढला होता. बाईंनी त्याची वाढ मोजली होती आणि तिलाच जात मानलं होतं.

मामांनी तोंडावर पंचा धरला. "सासर मानवलं म्हणालो होतो मी. थट्टेत म्हणालो होतो, बाई. माझी जीभ झडली असती तर बरं."

"तुम्ही ओळखलं होतंत, मामा," बाई म्हणाल्या. "मीच म्हटलं जीभ नको."

ताई म्हणाली, "बाई, हा कागद मी..."

"तू हा कागद छापायचास. माझं नाव खाली घाल. चूक माझी, तर दुरुस्तीवर सही दुसऱ्याची कशी चालेल?" त्या उठल्या. "चल, चिठ्ठ्या बदलू."

कपाटात बगळ्याच्या जंतांच्या तेवीस बाटल्या होत्या. इथली रीत अशी की जुनी चिठ्ठी काढायची नाही. नवी लिहून तिच्याशेजारी आत सोडायची. आणि चूक होऊ नये म्हणून एकाने जुनं नाव मोठ्याने उच्चारायचं, दुसऱ्याने ऐकून नवं लिहायचं. लिहायला बाई बसल्या. उच्चारायचं ताईवर आलं.

ताईने मुलीचं नाव घेतलं, लॅटिनच्या शेपटीसकट. बाईंनी पाणकावळ्याच्या जंताचं नाव लिहिलं. मामांनी चिमट्याने चिठ्ठी आत सोडली. दुसरी बाटली. तिसरी. ताईचा आवाज दहाव्याला बसला, पंधराव्याला फुटला. बाईंची पेन्सिल चालत राहिली. ज्या नावाने एकतीस वर्षं कुणी मोठ्याने हाक मारली नव्हती, ते त्या दुपारी तेवीस वेळा घेतलं गेलं.

मग घरच्या फळीवरून आणलेली ती लहान बाटली उरली.

"ही राहू दे, बाई," ताई म्हणाली. "ही कपाटातली नाही."

"जंत तोच आहे. घे नाव."

ताईने घेतलं. बाईंनी पेन्सिल टेकवली, पण लिहिलं नाही. मान थोडी कलती करून त्या थांबल्या, दाराकडे कान देऊन.

"पुन्हा घे," त्या म्हणाल्या. "शेपटी नको. घरच्यासारखं."

ताईने हाक मारली. घरच्यासारखी, शेवटचं अक्षर लांबवून, जेवायला बोलवावं तशी.

ओ कुणी दिली नाही. बाहेर पाण्याचा नळ गळत होता, तेवढा ऐकू आला. बाई आणखी थोडं थांबल्या. मग खाली वाकल्या आणि सुवाच्य, घाई न करता, दुसरं नाव लिहिलं.