करकरणाऱ्या दाराची शेवटची भूमिका

मी एक जुनं दार आहे. माझ्या मागे खोली नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चाकांच्या चौकटीवर मी उभं असतं, आणि भयपटांतली दारं माझ्या आवाजात उघडतात.

माझी करकर साधी आहे, मित्रांनो. बिजागरीत लोखंडावर लोखंड अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. ती थरथर फळीत शिरते आणि मोठी होते. भीती मात्र माझ्यात नव्हती. ती दादांनी माझ्याआधी ठेवलेल्या शांततेत होती.

दादा म्हणजे भयपटांचे नावाजलेले दिग्दर्शक. आवाज मुद्रित करणारे आवाजकाका मला हळूच ढकलायचे आणि दादा डोळे मिटून ऐकायचे. त्यांची लहान मुलगी मला वळसा घालून कधी येत नसे, माझ्यातूनच यायची. मी करकरलं की दादा न वळता म्हणायचे, "आलं माझं भूत!"

मग बरीच वर्षं दादांना काम मिळालं नाही. मिळालं तेव्हा तो एका बँकेतल्या खुनाचा थरारपट होता. लोक अजून आपल्याला घाबरतात का, एवढंच दादांना पाहायचं होतं. त्यांनी प्रत्येक दाराला माझा आवाज लावला. लिफ्टलासुद्धा.

"दादा, काचेचं दार कुठे करकरतं?" काका म्हणाले.

"घाबरायला आलेला माणूस काच बघत बसतो होय?"

"काच नाही बघणार. पण हसेल."

"तू ढकल रे!"

काकांनी ढकललं. मी करकरलं. मला काही वाटलं नाही.

पहिल्याच खेळाला पडद्यावरची लिफ्ट करकरत उघडली आणि लोक हसले. पुढे खून झाला, तरी हसतच राहिले. हे काकांनी खाली मान घालून मुलीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. ती आता मोठी झाली होती.

काही दिवसांनी दादा एकटेच आले. त्यांनी माझ्या बिजागरीत तेल सोडलं आणि मला पुढेमागे हलवलं. आवाज आला नाही. मग ते माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले.

मुलगी आली. सवयीनं माझ्यातूनच आली आणि तिनं दादांच्या खांद्यावर हात ठेवला. दादा ताडकन उठले. खुर्ची पडली.

"अगं, जीव घेतेस का माझा!"

"मी काय केलं बाबा? नेहमीसारखी तर आले."

दादा छातीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. "आवाजच नाही आला," ते हळूच म्हणाले. "लिफ्टला हेच हवं होतं." मुलीनं खुर्ची उचलली. पण चित्रपट आता लोकांपुढे गेला होता.

हल्ली माझ्यावर कोट टांगतात. मित्रांनो, जुन्या वस्तूला वेळच्या वेळी तेल द्या. तिचा आवाज आवडला, तरी तिला सगळीकडे बोलायला लावू नका. कधीतरी तिला नुसतं उघडू द्या.